पूजेतला दोर

माणसाचा माणसावरचा विश्वास शेवटी एका दोरावर तोललेला असतो.

हे वाक्य माझं आहे. बायकोच्या शाळेने मुलींच्या गिर्यारोहण पथकाच्या उद्घाटनाची पत्रिका छापायला घेतली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला फोन केला, "सर, वरती टाकायला काहीतरी भारदस्त द्या." मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणजे भारदस्त काहीतरी माझ्याकडे पडूनच असणार, असा त्यांचा समज असावा. पत्रिका नेहमीप्रमाणे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी छापून आमच्या कुडव्याच्या घरी पोचली. त्या सकाळी पत्रिकेतला दोर आमच्या मोरीत होता. मुलगा लहान असताना त्याच्या आंघोळीला घेतलेल्या गुलाबी टबात तो बुडवून ठेवला होता आणि पाण्यावर मुंग्या तरंगत होत्या.

बायको तिरोड्याच्या बाजूच्या एका गावात खेळाची शिक्षिका आहे. रोज गाडीने जाते, रोज गाडीने येते. चाळिशी उलटल्यावर तिने एका उन्हाळ्यात सुट्टी टाकून डोंगर चढण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. लोक या वयात गुडघ्यांची तक्रार सुरू करतात. ती परत आली ती गुडघे सोलून आणि अत्यंत आनंदात. मग तिला चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे एक काळा कातळ सापडला. तो तिथे आधीपासून होता, पण त्याच्याकडे चढण्याच्या दृष्टीने कोणी पाहिलं नव्हतं. गावकऱ्यांना त्यात बकऱ्यांना सावली एवढंच दिसत होतं.

वर्षभर ती मुलींच्या घरी जात राहिली. "पोरी वर चढून काय करतीन?" असं एका घरी विचारलं गेलं. "उतरतीन," ती म्हणाली. हळूहळू घरं तयार झाली, पण एका अटीवर. दसऱ्यानंतरच्या रविवारी आईबाप स्वतः येऊन बघणार, आणि बघून पटलं तरच पुढचं. तो रविवार चुकला तर दुसरा नव्हता, कारण सोमवारपासून हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाची कापणी लागणार होती. कापणी, मळणी आणि लग्नांच्या बोलण्यांतून मुली परत कधी सुटतील हे कोणी सांगू शकत नव्हतं. त्या एका रविवारी मुली वर गेल्या नाहीत तर वर्ष वाया, हे तिला माहीत होतं, म्हणून मलाही माहीत होतं. पुण्याहून मागवलेला एकच दोर होता. दुसरा मागवला तरी कापणीआधी येण्यासारखा नव्हता.

घोळ सुरू झाला तो पूजेपासून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत साहित्यपूजन ठेवलं होतं, मलाही बोलावणं होतं. आमच्याकडे त्या दिवशी नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं पुजलं जातं, आणि त्याला माझा काही आक्षेप नाही. वर्षातून एक दिवस वस्तूंना विश्रांती मिळते, माणसांना तेवढीही मिळत नाही. पण मुख्याध्यापकांना साधेपणा आवडत नाही. ऑफिसात चौरंग मांडला होता, त्यावर आमच्याच घरचं जुनं पिवळं सुती बेडशीट. क्रिकेटच्या बॅटी, भाला, थाळी, हार्मोनियम. कॉम्प्युटर आणायला जड म्हणून त्याचा नुसता माउस ठेवला होता, त्यालाही हळदीकुंकू. मधोमध दोराचं भलंमोठं वेटोळं, त्याच्या बाजूला कमरेचे पट्टे आणि दोर अडकवायच्या झडपेच्या कड्या. वेटोळं चौरंगात मावत नव्हतं, त्याचे दोनचार फेरे मागे भिंतीकडे घसरले होते. चौरंग जरा हलत होता, कारण त्याला चाकं होती.

पूजेला शाळा समितीचे अध्यक्ष आले होते. त्यांची राईस मिल आहे, पांढरा पोशाख आहे, आणि कुठल्याही वस्तूवर हात ठेवून फोटो काढण्याची सवय आहे. नारळ फुटला, त्याचं पाणी सगळ्या साहित्यावर शिंपडलं गेलं. मग थंड पेयाचे ग्लास फिरले, ते काळं, फेसाचं. फोटोवाला म्हणाला, "साहब, जरा रस्सी पे हाथ रखो." अध्यक्षांनी एक हात दोरावर ठेवला, दुसऱ्या हातातला ग्लास त्यांना आठवला नाही, आणि तो पुरता दोरावर रिकामा झाला.

अध्यक्षांच्या हातून सांडलं असल्यामुळे सांडलं असं कोणी म्हणेना. शेवटी मुख्याध्यापकच म्हणाले, "चला, अभिषेकही झाला." सगळे सुटल्यासारखे हसले.

बायको हसली नाही. तिने दोराला हात घातला तसे मुख्याध्यापक मध्ये आले.

"मॅडम, पूजेतलं आज हलवत नाहीत. उद्या सकाळी न्या."

"सर, साखर आहे त्याच्यात. आत्ता धुतलं तर लवकर निघते."

"एका रातीनं काय होते? परंपरा आहे आपली."

गणिताचे शिक्षक माझ्या शेजारी उभे होते. त्यांचं घर बौद्ध, त्यांच्या घरी हे काही नसतं, पण पूजेचे पेढे ते आवडीने खातात. ते हळूच म्हणाले, "मी उचलून आणू का मॅडम? मले दोष लागत नाही." तिला हसू आलं, पण तिने दोर तिथेच सोडला. उद्घाटन मुख्याध्यापकांच्या हातात होतं.

त्या संध्याकाळी मी घरात एका जागी बसू शकलो नाही. खरं तर दोरावर माझं काही अडलेलं नव्हतं. पण वाचायची सवय असलेल्या माणसाला शंका आली की तो वाचायला लागतो, आणि वाचलं की शंका वाढते. मी फोनवर वाचत राहिलो. जगात दोरांवर बरंच काही सांडत आलेलं आहे असं कळलं. कॉफी, बिअर, सूप. एकाचं म्हणणं होतं की असलं काळं पेय खिळासुद्धा विरघळवतं. दुसरा म्हणे, आमच्या घरी संडास त्यानेच साफ होतो. तिसरा म्हणत होता की काही होत नाही, आणि तिसऱ्याच्या फोटोत तो एका कड्यावरून लोंबकळत होता, म्हणून त्याच्यावर किती विसंबावं कळेना. मी गॅलरीत गेलो, आत आलो, पाणी प्यालो, परत गॅलरीत गेलो.

"तुम्ही काऊन फिरून राहिले?" तिने विचारलं. ती पालक निवडत होती.

"त्या पेयात आम्ल असतं."

"लिंबू सरबतात पण असते. तुमच्या शर्टावर सांडलं होतं, फाटला का शर्ट?"

"डाग पडला."

"डागानं पोरगी खाली नाही येत." तिने पालकाची जुडी बाजूला सारली. "अहो, साखर दोराला खात नाही. दोर कडक होते, माती धरून ठेवते, आणि मग ती माती आतल्या आत कापते. कड्यांच्या झडपा चिकटतात. ते पण धुतलं नाही तर. साध्या पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं. झालं."

तिचं झालं. माझं झालं नव्हतं. मी आणखी थोडा फिरलो.

सकाळी दसरा. आम्ही लवकर शाळेत जाऊन दोर आणि बेडशीट घेऊन आलो. मुंग्या आमच्याही आधी पोचल्या होत्या. दोर टबात दोन पाण्यांनी धुतला, काळपटपणा निघाला, मुंग्या निघाल्या, वास निघाला. कड्यांच्या झडपा खरोखर चिकटल्या होत्या. कोमट पाण्यात हलवल्या तशा टकटक मिटायला लागल्या. मग आम्ही दोघांनी दोर वीत-वीत बोटांतून ओढून पाहिला. कुठे मऊ पडलेला नाही, कुठे गाठ नाही, कुठे केस उभे नाहीत. दोर बैठकीत वाळत टाकला. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत, तिथून कपाटाच्या मुठीपर्यंत, असा तो सगळ्या खोलीत फिरला. पत्रिका देऊन गेलेला माणूस वाकून आत आला आणि वाकूनच बाहेर गेला. वाळेल का, ऑक्टोबरची हवा दमट आहे, उद्या सकाळपर्यंत वाळेल का, हे मी पंख्याचा वेग बदलत विचारत होतो. तिने उत्तर देणं सोडून दिलं होतं.

मग तिने बेडशीट पिळलं आणि गच्चीवर झटकलं.

मी खालून ऐकलं ते एवढंच की झटकल्याचा आवाज एकदा आला आणि पुन्हा आला नाही. वर गेलो. तिने बेडशीट उन्हासमोर धरलं होतं. एका काठाला ते चाळणीसारखं झालं होतं. लहान लहान भोकं, कडा तपकिरी, बोट लावलं की कापड सुटत होतं.

"हे काल नव्हतं," ती म्हणाली.

"जुनं आहे."

"जुनं कापड फाटते. असं नाही होत." ती काठ फिरवून बघत राहिली. "हे भिंतीकडचं टोक आहे. चौरंग कुठला होता तो?"

"माहीत नाही. चाकं होती त्याला."

तिने गणिताच्या शिक्षकांना फोन लावला. त्यांना सगळं माहीत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. शाळेत चौरंगच नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीची गाडी उंचीला बरोबर होती, म्हणून तिच्यावर फळी टाकली आणि फळीवर बेडशीट. मागची बाजू उघडी राहिली, तिथून कापड थेट बॅटरीच्या बुचांवर लोंबत होतं. "आणि मॅडम, परवा तिच्यात पाणी टाकलं होतं, पूजेत माइक बंद पडू नये म्हणून. जरा जास्तच टाकलं. रातभर चार्ज होऊन राहिली होती, उतू गेलं असन."

कापडाबरोबर तिथेच दोराचे फेरे लोंबत होते.

ती पायरीवर बसली. मी अनेकदा पाहिलं आहे, लोक वाईट बातमी ऐकून आधी हिशेब करतात आणि मग दुःख. तिने दोन्ही एकदम केलं. बॅटरीचं तेजाब, म्हणजे ॲसिड, ती म्हणाली, हे दोराचं खरं विष. नायलॉन आतून मरतो. वरून रंग तसाच, हाताला तसाच, आणि ज्या दिवशी भार येतो त्या दिवशी तुटतो.

खाली येऊन मी दोराचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि गुडघे मोडून त्याच्यावर बसलो. माझं वजन हा घरात चेष्टेचा विषय आहे. दोराने ते निमूट घेतलं.

"धरतोय की," मी म्हटलं.

"तुम्ही हळू बसले. पोरगी पडते तेव्हा हळू पडत नाही."

मी दोर सोडला. पण आता ती उठून खोलीत फिरायला लागली, दोराखालून वाकत, इकडून तिकडे. दुपारभर ती तशीच फिरली. जेवायला बसली आणि अर्ध्यातून उठून पुन्हा दोरावरून बोटं फिरवली. आदल्या संध्याकाळी मी फिरत होतो तेव्हा मला शंका पडली होती. तिला मात्र काय करायचं ते ठाऊक होतं, आणि म्हणून तिचं फिरणं बघवत नव्हतं.

"कापडालाच लागलं असन," ती एकदा म्हणाली. "दोराला नसन बी लागलं. दोर वर होता."

मी बेडशीटाची घडी घातली.

"वर्षभर फिरली मी," ती म्हणाली, पण मला उद्देशून नाही.

संध्याकाळी आम्ही मुख्याध्यापकांच्या घरी गेलो. दसऱ्याला तसंही जायचंच असतं. दोर पिशवीत भरून बरोबर घेतला होता, हातात आपट्याची पानं होती. अध्यक्षही तिथेच बसले होते. सोनं दिलं, सोनं घेतलं, सोन्यासारखे राहा म्हणून झालं. मग तिने सांगितलं.

अध्यक्षांनी आधी एकच विचारलं. "माझ्या कोल्ड्रिंकनं झालं का?"

"नाही साहेब. त्यानं काहीच नाही झालं. ते धुऊन गेलं."

ते मागे टेकून बसले. "मंग तर चालू द्या ना."

मुख्याध्यापकांनी दोर हातात घेतला, ओढला, नाकाशी नेला. "मॅडम, डोळ्याले दिसत नाही, हाताले लागत नाही. मंग ते आहे कशावरून?"

हा प्रश्न मी आयुष्यभर देवाबद्दल विचारत आलो आहे. मुख्याध्यापकांकडून तो ऐकेन असं वाटलं नव्हतं, आणि मी त्या दिवशी चुकीच्या बाजूला बसलो होतो.

"बेडशीट पहा," ती म्हणाली आणि तेही पिशवीतून काढलं.

त्यांनी भोकांतून अध्यक्षांकडे पाहिलं. "बरं, खराब असन तेवढं कापा. बाकीच्यावर चढवा. पाहुणे येऊन राहिले उद्या, मंडप पडला."

"किती खराब आहे ते दोर सांगत नाही सर. रातभर वेटोळ्यात होता. एकाला एक लागून."

"तुमचं मन खातं म्हणून मुलींचा कार्यक्रम रद्द करायचा? आईबाप येऊन परत जातीन. मंग कोण पाठवते पुढच्या वर्षी? तुम्हीच सांगा."

हे त्यांनी बरोबर तिच्या मनातलंच सांगितलं होतं. तिने मुख्याध्यापकांच्या बायकोकडे, वहिनींकडे, कात्री मागितली. कात्री सापडेना. भिंतीशी विळे होते, कापणीसाठी पाजवलेले, त्यांच्यावर झेंडूची फुलं. तिने तिकडे पाहिलं तशा वहिनी म्हणाल्या, "ते नको, पूजेतले आहेत." शेवटी भाजीची सुरी आली.

"काय करून राहिल्या मॅडम?" अध्यक्ष उठून उभे राहिले.

"कापून राहिली. अख्खा राहिला तर उद्या सकाळी माझंच मन बदलन."

ती अंगणात बसून दोर कापत राहिली. हातभर, हातभर, असे तुकडे, कोणाच्या अंगाला बांधता येणार नाहीत एवढे. भाजीच्या सुरीने नायलॉन कापायला फार वेळ लागतो. प्रत्येक तुकड्याला ती आडवी सुरी ओढत होती, मुख्याध्यापक तुकड्यांकडे बघत होते, आणि तो किती मजबूत आहे हे सगळ्यांना दिसत होतं. चहा आला. तो कोणी सांडला नाही. कोणी फारसा प्यालाही नाही.

निघताना अध्यक्ष फाटकापर्यंत आले. "पडल्यावर लागू नये म्हणून खाली काही टाकता येते का?" त्यांनी विचारलं. सकाळी त्यांच्या मिलची गाडी कातळाखाली उभी होती, धानाच्या तुसाने गच्च भरलेली पोती घेऊन. मी अध्यक्षांबद्दल बरंच काही बोललो आहे. त्यातलं काही परत घेत नाही, पण पोती त्यांनी पाठवली होती.

रविवारी भाषणं झाली. फीत कापली गेली. पाहुण्यांनी शिखरं सर करण्याबद्दल सांगितलं. मग मुली कातळावर चढल्या, वर नाही, आडव्या. बायकोने जमिनीपासून गुडघाभर उंचीवर खडूने खुणा केल्या होत्या. एका टोकाला चिकटायचं आणि खाली पाय न टेकता दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायचं. हे दिसतं त्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. मुली घामाघूम झाल्या, बोटं सोलली, एकेक करून पोत्यांवर पडल्या आणि उठून परत सुरुवातीला गेल्या. मंडपातून मात्र ते दिसत होतं तसंच दिसत होतं. बोदलकशाच्या तलावाकडून आलेला एक बाप, जाळ्याने मासे धरणारा, बराच वेळ उभा राहून बघत होता. बायको जवळून जाताना तो म्हणाला, "एवढ्यासाठी दोर कायले पाहिजे होता?"

"एवढ्यासाठी नव्हता," ती म्हणाली.

"मंग?"

"वर जायसाठी. दोर खराब झाला. नवा येईन."

त्याने कातळाच्या माथ्याकडे पाहिलं, मग आपल्या मुलीकडे, जी तेव्हा चौथ्यांदा पडत होती. "खराब कसा झाला?"

तिने सांगितलं. थोडक्यात नाही, सगळं. पूजा, गाडी, बॅटरी, बेडशीट. मुख्याध्यापक ऐकू येण्याइतके जवळ होते. तो बाप मान हलवत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "बरं केलं कापला तो. आमी बी सडलं जाळं कापूनच टाकतो. नायतर कोणी ना कोणी वापरतेच."

कापणी झाली, मळणी झाली, नवा दोर आला. मुली परतल्या, सगळ्या नाही. एकीचं लग्न ठरलं होतं, दोघींच्या घरून काही कळवलंच नाही. कुणाच्या मनात शंका दोराची होती की मुलींनी चढण्याचीच, हे विचारत बायको पुन्हा घरोघर फिरते आहे. मासे धरणाऱ्याची मुलगी पहिल्याच दिवशी माथ्यावर गेली आणि वरून खाली बघत बराच वेळ उतरायला तयार नव्हती.

नवा दोर शाळेत ठेवायला बायको तयार नाही. घरी जागा शोधायला आम्हाला एक सबंध दिवस लागला. पॅसेजमध्ये आमचाही इन्व्हर्टर आहे. मोरीत फरशी धुण्याचं ॲसिड आहे. स्वयंपाकघरात तेल आहे, गच्चीवर ऊन आहे, बैठकीत येणारेजाणारे आहेत आणि त्यांच्या हातात चहाचे कप असतात. शेवटी तो झोपण्याच्या खोलीत, मच्छरदाणीच्या दोन्ही खिळ्यांवर मिळून टांगला. तेव्हापासून मच्छरदाणी लावता येत नाही, आणि कुडव्यात डास फार आहेत.